तुतारीतला खोकला

महाराजांच्या मोटारीचा डबा काढला आणि तिसऱ्याच दिवशी गेणू तुतारीवाल्याच्या तुतारीतून खोकला बाहेर पडला!

तोही भर चौकात, सगळ्या कुसुरगडासमोर. गेणूने नेहमीसारखी तुतारी उंच धरली, लोक हात जोडून थांबले, आणि आतून आलं, "भूंऽऽ... खॉक! खॉक!" एक म्हैस दचकून थेट कुंभाराच्या मडक्यांत शिरली.

घरी गेणूची लेक कौसा त्याच्या पाठीला कोमट तेल चोळू लागली.

"आबा, विडी ओढायला लागलात की काय?"

"देवीशपथ नाही गं! मोटारीमागं पहिला मीच चालतो ना. डोळ्यांत कांदा पिळल्यासारखं होतं. मोठ्यानं फुंकायचं तर आधी मोठा श्वास घ्यावा लागतो, आणि श्वास घेतला की धूरच आत जातो!"

हा डबा म्हणजे मोटारीच्या पोटाखाली, धुराच्या नळीत बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिनाचा धूर त्याच्या जाळीतून जातो तेव्हा धुरातलं बरंचसं विष मरतं. पण महाराजांचे मेहुणे शहाजीराव यांनी कुठंतरी ऐकलं, की डबा काढला की मोटार वाघासारखी गुरगुरते. झालं! डबा काढला, पागेच्या माळ्यावर टाकला. मोटार खरंच गुरगुरू लागली. महाराज खूश! चालकासमोर एक पिवळा दिवा लागला तो काही केल्या विझेना, तेव्हा शहाजीरावांनी त्यावर गणपतीचं चित्र चिकटवून टाकलं. आता मोटार गेली की दोरीवरची धोतरं दोन दिवस वास मारायची आणि पाळण्यातली पोरं खोकायची.

दुसऱ्या दिवशी गेणूला वाड्यावर बोलावणं आलं. कौसाही सोबत गेली.

"गेणू!" महाराज गरजले. "दसरा चार दिवसांवर आलाय. मिरवणुकीत तुतारी खोकली तर तुझी तुतारी जमा, आणि तुतारीसोबत दिलेलं घरही रिकामं!"

कौसा पुढं झाली.

"सरकार, तुतारी बरी आहे. मोटार आजारी आहे."

"माझी मोटार?" शहाजीराव उसळले. मोटार महाराजांची होती, पण ते असंच म्हणत. "सरकार रोज तीत बसतात. त्यांना कधी वास आला?"

"कसा येईल? सरकार असतात पुढं, धूर जातो मागं. मागं काय चाललंय ते मागच्यांनाच ठाऊक."

दरबारात कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांचे कान लाल झाले.

"फार जीभ चालते तुझी! मग ऐक. दसऱ्याला माझ्या मागून चालणाऱ्या एकालाही खोकला येता कामा नये. मोटारीला हात लावायचा नाही. नळीत बोळा कोंबायचा नाही. गुरगुर कमी करायची नाही. आणि माझ्यापुढं कुणी चालायचं नाही. जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं तर बापलेकींनी गाव सोडायचं!"

कौसाने गेणूचा हात धरला आणि ती म्हणाली, "एकच विनंती, सरकार. त्या दिवशी मोटार कशी हाकायची ते चालकाला मी सांगेन."

"सांग! हवं तर गाणं म्हणत हाकायला सांग!"

दसऱ्याचा दिवस उजाडला. उघड्या मोटारीत महाराज जरीचा फेटा बांधून उभे राहिले, शेजारी शहाजीराव बसले. कुसुरगडची रीतच अशी, की मिरवणूक निघाली की माळावरच्या आपट्याच्या झाडापर्यंत मोटार थांबवायची नाही आणि महाराजांनी खाली बसायचं नाही. थांबले तर अपशकुन!

कौसा चालकाच्या कानात पुटपुटली. त्याने डोळे विस्फारले, मग तो मिशीतल्या मिशीत हसला आणि त्याने गिअर टाकला.

आणि मोटार निघाली... उलटी!

ढुंगण माळाकडं, तोंड गावाकडं. गुरगुर तीच, पण धुराची नळी सगळ्यांच्या पुढं! माळावरचा वारा समोरून आला आणि सगळा धूर उचलून मोटारीत घेऊन बसला.

"हे काय... खॉक!... कौसे!" महाराज ओरडले. "मोटार उलटी का?"

कौसा गेणूशेजारी चालत होती, मोटारीच्या नाकासमोर, मोकळ्या हवेत.

"सरकार, मोटारीला हात लावलेला नाही. नळी मोकळी आहे. गुरगुर ऐकू येतेच आहे. तुमच्यापुढं कुणी नाही. आता मागचा खोकला मोजा!"

गेणूने छातीभर श्वास घेतला. तुतारी अशी घुमली, की पलीकडच्या डोंगराने उत्तर दिलं! लोक तर वेडेच झाले. इतकी वर्षं मिरवणुकीत त्यांना फेट्याचा शेमला तेवढा दिसे. आज महाराजांचं तोंड दिसत होतं, तेही नाकातून पाणी गळताना!

"थांबवू का, दाजी?" शहाजीराव उपरण्यात तोंड खुपसून म्हणाले.

"अपशकुन होईल, गाढवा! खॉक!"

आपट्याचं झाड आलं. महाराज डोळे पुसत खाली उतरले.

"पोरी, मागं खोकला नाही, कबूल! पण पुढं आहे त्याचं काय?"

"पुढच्यांचं काही बोलणंच झालं नव्हतं, सरकार!"

आधी महाराजांचं पोट हललं, मग फेटा हलला, आणि ते असे हसू लागले, की हसता हसता खोकू लागले आणि खोकता खोकता पुन्हा हसू लागले.

"माग! काय हवं ते माग!"

"डबा परत बसवा, सरकार."

"तो तर आता मलाच हवाय! आजच बसेल. दुसरं माग!"

"मग आबांना एकदा मोटारीत बसू द्या. सारा जन्म तिच्यामागं चाललेत."

महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून कौसाच्या हातात घातलं आणि स्वतः मोटारीचं दार उघडलं. गेणू लाजत, पाय पुसून आत बसला.

"पण सरकार," चालक म्हणाला, "इंजिन सुरू केलं तर पुन्हा धूर..."

"सुरू करायचंच नाही!" महाराज पुन्हा खदखदले. "वाड्यापर्यंत ढकलत न्यायची. शहाजीराव, बाह्या वर करा!"

आणि गेणूने तुतारी तोंडाला लावली.