पाण्याखालच्या लेकीचे लाडू

एकदा काय झालं, एका मोठ्या तळ्याकाठी पारबता नावाची बाई राहत होती. तिला एकच लेक, शेवंता. मायलेकी तळ्यातून शिंगाडे काढायच्या, कमळाचे देठ काढायच्या आणि बाजारात न्यायच्या. घर एवढंसं. पण दोघींचं बोलणं इतकं चालायचं, की शेजारची भागाकाकू विचारायची, "अगं, तुमच्या घरात दोघीच राहता की दहाजणी?"

त्या तळ्याला एक राजा होता, बरं का. पाण्याखाली राहायचा. त्यानं एकदा शेवंताला पाहिलं आणि त्याचं मन तिच्यावर जडलं. मग तो माणसाचं रूप घेऊन घाटावर आला आणि मागणी घातली. पारबता म्हणाली, नाही. दुसऱ्या वर्षी आला. नाही. तिसऱ्या वर्षी आला, तेव्हा पारबतानं त्याच्याकडे बघितलंच नाही. लेकीकडे बघितलं. लेकीनं मान खाली घातली होती, पण गालात हसू मावत नव्हतं. मग आई काय करणार! म्हणाली, "दिली."

लग्न लागलं. शेवंता एकेक पायरी उतरली. गुडघ्याएवढं पाणी, कमरेएवढं पाणी, गळ्याएवढं पाणी. तिथं तिनं एकदा वळून पाहिलं. मग पाण्यावर नुसती वर्तुळं राहिली. खाली गेलेल्या माणसाला परत वर येता येत नाही. राजानं हे आधीच सांगितलं होतं हो, फसवलं नव्हतं.

मग पारबता रोज दुपारी घाटावर बसायची आणि पाण्याला गावातल्या गोष्टी सांगायची. "शेवंते, भागाकाकूची गाय व्याली गं. शेवंते, आपल्या दारचा पेरू धरला." पाणी ऐकून घ्यायचं. उत्तर मात्र द्यायचं नाही.

असं वर्ष गेलं. मग एका सोमवारी पाण्यातून एक म्हातारं कासव वर आलं आणि पायरीवर चढून म्हणालं, "पारबताबाई, तुमच्या लेकीला दिवस गेलेत."

पारबतानं दोन्ही हात जोडले.

"पण ती काही खात नाही," कासव म्हणालं. "कमळाचं बी नको म्हणते, शिंगाडा नको म्हणते. 'आईच्या हातचा लाडू हवा' एवढंच म्हणते. फार वाळलीय."

डोहाळेच ते! पारबता तशीच पळत घरी गेली. गहू दळले, तुपावर खमंग भाजले, लाडू वळले आणि केळीच्या पानात बांधून आणले. कासवानं वास घेतला आणि मान आत ओढली.

"हे नाही चालायचं. विस्तवावरचं पाण्याखाली कुणाच्या पोटात गेलं, तर पोटात आग पडते. आणि हे धान्य. धान्याला मातीची ओढ. ते खाल्लं की शेवंताचे पाय तिला काठावर घेऊन येतील, पुन्हा खाली जाता यायचं नाही. आणि बाळ तर पाण्याचं. ते वर जगायचं नाही."

कासव गेलं. पारबता लाडू घेऊन तशीच बसली. त्या बोलण्यातलं एकच तिच्या कानात राहिलं. पाय तिला काठावर घेऊन येतील.

झोपलात का रे? नाही ना? मग ऐका.

दुसऱ्या सोमवारी पारबतानं चूल पेटवलीच नाही. तीळ घेतले, उन्हात तापलेल्या दगडावर पसरले. सुकं खोबरं किसलं. गूळ चिरला. सगळं उखळात कुटलं आणि लाडू वळले. धान्याचा कण नाही, विस्तवाची धग नाही.

कासव म्हणालं, "तीळ चालतील. खोबरं चालेल. ऊन तर आमच्याकडेही येतं. पण बाई, गूळ कुठून आला?"

पारबतानं कपाळावर हात मारला. गूळ उकळतो कढईत, भट्टीवर! आगीतूनच तो जन्मतो.

"लवकर करा," कासव म्हणालं. "आता ती उठूनही बसत नाही."

मग पारबता निघाली. गोड हवं आणि आग नको. रानात गेली, तिथल्या मधकाढ्यांकडून पोळ्यातला मध घेतला. डोंगरावर गेली, चारोळ्या गोळा केल्या. मग चालत चालत थेट समुद्रापर्यंत गेली. तिथं गलबतातून खजूर उतरत होता, झाडावरच उन्हात पिकलेला. टोपलीभर शिंगाडे देऊन तिनं खजूर घेतला. पायाला फोड आले, पण तिसऱ्या सोमवारी सकाळी ती घरी पोचली.

खजुरातल्या बिया काढल्या. पाट्यावर वाटून त्याचा मऊ गोळा केला. त्यात तीळ, खोबरं, चारोळ्या घातल्या. वेलदोडा कुटून घातला. वर मधाची धार सोडली. असा वास सुटला म्हणता, भागाकाकू कुंपणाशी येऊन उभी राहिली!

आणि आता वळायचे, तेवढ्यात पारबताची नजर कोपऱ्यातल्या पिठाच्या डब्याकडे गेली.

मूठभर पीठ. बस. मधाच्या वासात कासवालाही कळलं नसतं. लेक वर आली असती. याच ओट्यावर बसली असती, बोलली असती. पारबता उठली, डब्यात हात घातला आणि मूठ भरली.

भागाकाकू कुंपणाबाहेरूनच म्हणाली, "पारबते, हे लेकीला पाठवतेयस ना गं? काय म्हणते ती?"

"लाडू हवा म्हणते," पारबता म्हणाली.

"घरी यायचं म्हणते?"

पारबताची मूठ डब्यातच थांबली. कासवाचा शब्दन् शब्द तिनं आठवून पाहिला. लेकीनं लाडू मागितला होता. घरी यायचं मागितलं नव्हतं. आणि बाळ? बाळाला तर कुणी विचारलंच नव्हतं.

तिनं मूठ उघडली. पीठ डब्यात सोडलं. हात धुतले. एकदा नाही, तीनदा धुतले. नखांतसुद्धा कण राहायला नको. मग लाडू वळले. वळताना रडली, पण रडता रडता एकेक लाडू नीट गोल केला.

कासवानं वास घेतला. बराच वेळ घेतला. मग म्हणालं, "चला," आणि पुडी पाठीवर घेऊन खाली गेलं.

पुढच्या सोमवारी रिकामं पान वर आलं. त्याच्या पुढच्याही. आणि पावसाळा सरल्यावर कासव हसत हसत वर आलं. "पारबताबाई, नात झाली!"

आता गंमत ऐका हं. ती नात होती पाण्याची. पण आईच्या पोटात असताना रानातला मध आणि जमिनीवरचा खजूर खाऊन वाढलेली. म्हणून तिला पाण्यातही श्वास घेता यायचा आणि वाऱ्यातही. चालायला लागली, तशी एका दुपारी एकटीच पायऱ्या चढून वर आली. ओली चिंब. पारबतासमोर उभी राहून म्हणाली, "आजी, आईनं सांगितलंय, आधी मांडीवर बस, मग लाडू माग."

पारबतानं तिला उचलून घेतलं. पदरानं केस पुसले. मग हळूच विचारलं, "तुझी आई कशी आहे गं?"

"बरी आहे," नात म्हणाली. "दुपारी ती सगळ्यांना गप्प बसवते. म्हणते, ऐका, माझी आई बोलतेय."

पारबतानं नातीला छातीशी धरलं. मग पाण्याकडे तोंड करून म्हणाली, "शेवंते, लेक तुझ्यावर गेलीय हो."

मग ती पोर दर सोमवारी वर यायची, पोटभर लाडू खायची, उरलेले आईला न्यायची. खाली शेवंता आणि राजा आनंदात राहिले, वर पारबता आनंदात राहिली. आठवण यायची, नाही असं नाही. पण ती आता मुकी नव्हती.

झालं. संपली गोष्ट. पांघरूण घ्या गळ्यापर्यंत, आणि एकेकानं मिटा बघू डोळे. मी आहे इथंच.