दारातली म्हातारी

“मग यातलं माझं कुठलं, मास्तर?”

असं विचारून वैजयंतीने सातवं चित्र जमिनीवर मांडलं. दत्तोबा मास्तरांच्या कोल्हापुरातल्या त्या खोलीत आता पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

मास्तरांनी उभा जन्म सिनेमाचे फलक रंगवण्यात घालवला होता. वैजयंतीचा हात रेषेवर बसला तो त्यांच्याच देखरेखीखाली. मग ती परदेशी गेली, आणि जिथे गेली तिथलं काही ना काही शिकून आली. जपानात लाकडी ठसे, जर्मनीत दगडावरची छपाई, पोर्तुगालमध्ये निळ्या फरशांवरची चित्रं. नाव झालं. नावाबरोबर थोडा तोराही आला, आणि तो काही लपत नव्हता.

आता एका प्रकाशकाने तिला मुलांचं पुस्तक दिलं होतं. मराठीतलं तिचं पहिलंच. गोष्ट साधी होती. म्हातारीची शेळी हरवते आणि म्हातारी तिला शोधायला निघते. पहिल्या पानावर म्हातारी दारात उभी आहे. हे एकच पान वैजयंतीने सात तऱ्हांनी काढलं होतं. सोमवारपर्यंत सगळी चित्रं हाती आली नाहीत, तर पुस्तक दुसऱ्या चित्रकाराकडे जाणार होतं.

“क्योतोतले गुरुजी म्हणाले, ठसा हाच तुझा प्रांत. जर्मनीत लाइपझिगला म्हणाले, दगड. दोन्ही पटलं मला. घरी आले तर वाटलं, आपला जलरंगच बरा. दुसऱ्या दिवशी तोही नकोसा झाला...” ती थांबली. “मला काही कळेनासंच झालंय, मास्तर.”

हे तिने दुसऱ्या कुणाजवळ कबूल केलं नसतं.

मास्तर वाकून एकेक चित्र बघत गेले. चष्मा पुसला. पुन्हा पहिल्यापासून बघितलं.

“ही दारात का उभी हाय?”

“उंबऱ्याची आडवी रेषा आहे ना, आणि तिची उभी आकृती, त्यातून एक ताण...”

“ते न्हवं. का उभी हाय?”

“शेळी हरवलीय तिची.”

“मग? घावली का?”

वैजयंती गडबडली. इतक्या ठिकाणी प्रदर्शनं मांडली, पण हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

“सापडते की. शेवटच्या पानावर.”

“दाखव.”

“ते अजून काढलं नाही.”

“त्याच्या आधलं?”

“तेही नाही. आधी माध्यम ठरायला नको का? ते ठरल्याशिवाय पुढचं पान काढणार कसं?”

मास्तर उठले.

सातही चित्रं उचलून त्यांनी भिंतीला टेकवून ओळीने उभी केली, सगळ्यांची तोंडं दाराच्या बाजूला. खोलीचं दार सताड उघडलं आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसले.

वैजयंतीला आधी वाटलं, उजेडात बघायची असतील. पण मास्तर चित्रांकडे बघतच नव्हते. मग वाटलं, वाऱ्यासाठी उघडलं असेल. वाराही नव्हता. गल्लीतून एक सायकल गेली. तिला रडू येऊ लागलं, आणि थोडा रागही आला. सोमवार तोंडावर आलेला, आणि इथे म्हातारा दार उघडून बसलाय.

“हे काय करताय, मास्तर?”

“वाट बघतोय.”

“कुणाची?”

“सात जणींना ताटकळत उभं केलंस, पोरी. दिस कलला. एकीला तरी जाऊ दे.”

वैजयंतीने सगळ्या म्हाताऱ्यांवरून नजर फिरवली. लाकडातली, दगडावरची, निळी, जलरंगातली... प्रत्येक जणी जायला तयार दिसत होती.

“पण कुठलीला?”

मास्तर दाराबाहेरच बघत होते.

“जिची शेळी हरवलीया, तिला.”