रानकोंबडी, रानडुक्कर आणि पूर्वेचा वारा

सह्याद्रीच्या एका डोंगरावर, पूर्वेकडच्या उतारावर कारवीची दाट जाळी होती आणि त्या जाळीत एक रानकोंबडी राहत असे. दिवसभर पाला उकरायचा, खालची वाळवी वेचायची आणि वेचता वेचता शेजाऱ्यांना नावे ठेवायची, असा तिचा दिनक्रम होता. जिभेने फटकळ, पण कामाला वाघ. कोंबडीला वाघ म्हटले म्हणून हसू नका, मुलांनो. तिला काम करताना पाहिले असते तर तुम्हीही हेच म्हणाला असता.

फाल्गुन लागला होता आणि कोंबडी अंड्यांवर बसली होती. कारवीच्या बुंध्याशी पाच अंडी घालून तिने वर इतका छान पाला ओढून घेतला होता, की कधी कधी तिचे तिलाच घर शोधावे लागे. ही जागा तिने कुणालाही सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. कोंबडेराव तसे भले होते, पण त्यांच्या पोटात काही राहत नसे. त्यांना आज सांगितले असते, तर उद्या पहाटे सगळ्या डोंगराला ऐकू गेले असते.

आणि या डोंगरावर एक रानडुक्कर होता. त्याला कंद आवडत, मातीतली हुमणी अळी आवडे, पडलेली फळे आवडत आणि सगळ्यात जास्त आवडत ती अंडी. त्याची एक वाईट खोड होती. कोंबडी जिथे उकरी तिथे हा मागून हजर! ती वरचा पाला उडवी आणि खालचा किडा दिसला न दिसला तोच हा नाक खुपसून सगळी जमीन उलथी करी. "काय वहिनी, आज काय काय निघालं?" असे वर विचारायचाही. कोंबडी मनातल्या मनात त्याचा उद्धार करून दुसरीकडे जाई.

डोंगरावर हवेचा अंदाज सांगायचे काम पाकोळी या पाखराकडे होते. ती दिवसभर घाटमाथ्यापासून पार खालच्या माळापर्यंत हिंडे आणि सकाळी पाणवठ्यावर येऊन सगळ्यांना खबर देई. पण पाकोळीला पाय टेकून बसणे जमत नाही. त्यामुळे ती पाण्यावर घिरट्या घाली आणि प्रत्येक घिरटीला एकेक वाक्य टाकून पुढे जाई. पूर्ण खबर हवी असेल, तर पाचसहा घिरट्या उभे राहावे लागे. तेवढा धीर फार थोड्यांना होता.

त्या दिवशी पाणवठ्यावर बरीच गर्दी होती. पहिल्या घिरटीला पाकोळी म्हणाली, "मंडळी, दोन दिवस हवा शांत. परवा सकाळपासून पूर्वेचा वारा, कोरडा आणि जोराचा!"

दुसऱ्या घिरटीला म्हणाली, "दव पडायचं नाही. गवत पहाटेसुद्धा कुरकुरीत राहील."

तिसऱ्या घिरटीला म्हणाली, "ओढ्याकाठी आणि दरीत धोका कमी. पूर्वेच्या उतारावर सगळ्यात जास्त."

हे ऐकून भेकर कान टवकारून म्हणाले, "म्हणजे वणवा लागणार का? हो की नाही, एवढंच सांग बाई!"

पाकोळी चौथ्यांदा वळली आणि म्हणाली, "लागेलच असं नाही."

"झालं तर मग!" रानडुक्कर म्हणाला. "उगीच घाबरवून सोडलं सकाळी सकाळी." आणि तो शेपटी उडवत निघूनही गेला.

कोंबडी मात्र थांबली. पाचव्या घिरटीला पाकोळीचे उरलेले वाक्य आले, "पण लागला, तर या वाऱ्यात थांबायचा नाही."

पाणवठ्यावर सगळ्यांनी आपापले ठरवून टाकले. भेकर म्हणाले, "मी आपला दरीत जाईन." ससा म्हणाला, "मी बिळात." वानर म्हणाला, "मी ओढ्याकाठच्या जांभळावर." कोंबडेराव छाती काढून म्हणाले, "मी आधी दरीत जाऊन पाहणी करतो. तू ये मागून!"

कोंबडी पेचात पडली. ती येणार कशी? पंख तिला होते, पाय होते, पण पाच अंड्यांना यांतले काहीच नव्हते. पिल्ले बाहेर यायला अजून बारा-तेरा दिवस होते आणि वारा परवावर आला होता.

घरी आल्यावर तिने आपल्या जाळीकडे पहिल्यांदाच नीट पाहिले. ज्या पाल्याने अंडी लपवली होती, तोच पाला चहूकडे गुडघागुडघा साचला होता आणि नुसता पाय टाकला तरी कडकड वाजत होता. जाळीभोवती कुसळीचे वाळलेले गवत उभे होते. तिने लगेच उकरायला सुरुवात केली. जाळीभोवती चार हात रुंदीची मोकळी पट्टी काढली, की आगीला आत यायला वाट उरणार नव्हती. पण पाला उडाला तरी गवताचे ठोंब जागचे हलेनात. कोंबडीच्या नखांनी ठोंब उपटत नाहीत, मुलांनो. दुपार झाली तेव्हा तिचे नख दुखावले होते आणि पट्टी म्हणाल तर एखादे घोरपडीचे पिल्लू आडवे झोपेल एवढी.

ती दम खात उभी होती, तेवढ्यात मागून आवाज आला, "काय वहिनी, आज काय काय निघालं?"

रानडुक्कर! तो उभा होता तिथून अंडी वीस पावलांवर होती. एरवी कोंबडी मनातल्या मनात चार शब्द सुनावून निघून गेली असती, पण तेवढ्यात डुकराने सवयीने तिच्या उकरलेल्या जागेत नाक खुपसले, एक हुमणी काढली आणि ज्या ठोंबाने कोंबडीला सकाळपासून रडवले होते तो मुळासकट उलटून पडला. कोंबडी त्या ठोंबाकडे बघतच राहिली.

मग ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "भावोजी, इथं हुमणी पुष्कळ आहे हो. मला काही एवढी खोल निघत नाही. मी पाला बाजूला करत पुढं चालते, तुम्ही या मागून."

डुकराला वाटले, वहिनींना ऊन लागले असावे. पण खाण्याच्या बाबतीत तो जास्त चौकशा करत नसे. कोंबडी पुढे आणि डुक्कर मागे, अशी वरात निघाली. ती पाला उडवी, तो जमीन नांगरी. ती जाळीपासून ठराविक अंतर राखून हळूहळू गोल वळत होती. तो नाक खाली घालून तिच्या मागे वळत होता. वाळवी दिसली, तरी कोंबडी तिला चोच लावत नव्हती. वाळवी तिचा जीव की प्राण! पण एकदा का तिची चोच भरली, की पाय थांबणार, आणि पाय थांबले की मागचा बकासुर इकडेतिकडे बघू लागणार. म्हणून ती उपाशीपोटी उकरत राहिली. अधूनमधून "आलेच हं, भावोजी," म्हणून ती लांबच्या वाटेने वळसा घालून जाई, थोडा वेळ अंडी उबवून येई. हवेतच एवढी धग होती की अंडी गार पडायची भीती नव्हती.

एकदा मात्र कठीण प्रसंग आला. दुसऱ्या दिवशी रिंगण जवळजवळ पुरे होत आले असताना डुकराने अचानक नाक वर केले. जाळीकडे तोंड करून त्याने दोनदा हुंगले आणि म्हणाला, "वहिनी, आतून काहीतरी छान वास येतोय."

कोंबडीच्या अंगावरचे पीस न् पीस उभे राहिले. समोरच वाळवीचे एक भरगच्च वारूळ होते, जे तिने पिल्लांच्या पहिल्या जेवणासाठी राखून ठेवले होते. तिने क्षणभरही विचार केला नाही. दोन्ही पायांनी ते फोडले आणि ओरडली, "अहो, तो वास याचा! बघा तरी!"

डुक्कर वारुळावर तुटून पडला. सगळे चाटूनपुसून झाल्यावर त्याने एक लांबलचक ढेकर दिली, जांभई दिली आणि म्हणाला, "आता पुरे, वहिनी. दोन दिवसांत आयुष्यभराचं खाल्लं." आणि तो उतारावरच्या गवतात झोपायला गेला.

रिंगणात चार पावलांची फट राहिली होती. ती कोंबडीने एकटीने, दुखऱ्या नखाने, दिवस मावळेपर्यंत काढली. एक ठोंब तर तिने चोचीने काडी काडी तोडून संपवला. मग जाऊन अंड्यांवर बसली. तिला भूक लागली होती, पण त्याहून जास्त झोप आली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटला. पाकोळीने सांगितला होता अगदी तसाच, पूर्वेचा, कोरडा, डोळ्यांत धूळ घालणारा. तो दिवस निभावला. चौथ्या दिवशी दुपारी खालच्या माळावर कुणीतरी बांधावरचे गवत पेटवले आणि ते वाऱ्याच्या हाती लागले. बघता बघता आग उतार चढू लागली. आधी धूर आला, मग तडतड आवाज आला आणि मग गवत फाडत, किंचाळत आला रानडुक्कर! झोपेतून उठून तो जीव घेऊन पळत होता आणि पळता पळता त्याला समोर ओळखीची मोकळी माती दिसली. ती ओलांडून तो थेट जाळीत शिरला आणि कोंबडीपासून दोन पावलांवर येऊन थरथरत उभा राहिला.

कोंबडी हलली नाही. बाहेर आगीने रिंगणाला वेढा घातला. ज्वाळा पट्टीपर्यंत आल्या, मातीवर वाकल्या, त्यांना खायला काही सापडेना. तेवढ्यात वाऱ्याबरोबर एक पेटती काडी आत येऊन पडली.

"भावोजी, तुमच्या डाव्या पायाशी!" कोंबडी ओरडली.

डुकराने नाकाने एकच ढेकूळ उलटले आणि ठिणगी मातीत गाडली. पण दुसरी ठिणगी पलीकडच्या पाल्यात पडली. तो तिला पाठमोरा होता आणि पाल्यातून धुराची रेघ निघाली होती. कोंबडी उठली तर अंडी उघडी पडणार. नाही उठली तर जळणार. ती उठली. पंख फडफडवत धावली, दोन्ही पायांनी माती उडवत राहिली आणि धूर विझल्यावरच थांबली.

मग तिने मागे वळून पाहिले. आग रिंगणाला वळसा घालून वर निघून गेली होती. आणि डुक्कर मान खाली घालून अंड्यांकडे बघत होता.

"पाच आहेत," तो म्हणाला.

"पाच आहेत," कोंबडी म्हणाली. "तुम्ही खायची म्हणालात, तर मी तुम्हाला अडवू शकत नाही, भावोजी. पण ज्या मातीवर तुम्ही जिवंत उभे आहात, ती मी यांच्यासाठी उकरून घेतली. तुमच्याकडून."

डुक्कर विचारात पडला. विचार करायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे वेळ लागला. "म्हणजे मला दोन दिवस चारलंत ते उगीच नाही?"

"नाही."

"तुम्हाला कसं कळलं वणवा येणार म्हणून? पाकोळी तर म्हणाली होती, लागेलच असं नाही."

"मलाही तेवढंच कळलं होतं," कोंबडी म्हणाली. "पण मी पुढची घिरटी ऐकायला थांबले. आणि लागला नसता, तर माझं काय गेलं असतं? दोन दिवसांची वाळवी."

डुकराने पुन्हा अंड्यांकडे पाहिले. त्याच्या तोंडाला पाणी सुटलेले स्पष्ट दिसत होते. "हुमणी मात्र खरी होती," तो शेवटी म्हणाला.

"अगदी खरी."

मग तो सावकाश वळला आणि अंड्यांकडे पाठ करून, काळ्या पडलेल्या उताराकडे तोंड करून उभा राहिला. "वहिनी, तुम्ही बसा," तो म्हणाला. "मी असा उभा राहतो. तिकडं बघितलं की मला भूक लागते."

कोंबडी अंड्यांवर बसली. तिला हसू आले आणि रडूही आले, आणि दोन्ही तिने पंखाखाली लपवले.

वारा पडल्यावर सगळे दरीतून परतले. सारा उतार काळाठिक्कर आणि मधोमध कारवीची एक गोल जाळी जशीच्या तशी! वानर म्हणाला, "नशीब हो!" कोंबडेराव म्हणाले, "मी दरीतून आरवत होतो ना, त्यानंच आग बिचकली." कोंबडीला मात्र उबवायचे काम होते.

वणव्यानंतर नवव्या दिवशी पाचही अंडी फुटली. पिल्ले बाहेर आली, इकडेतिकडे पडली, उठली आणि दुसऱ्याच दिवशी इवल्या पायांनी माती उकरू लागली. ते बघायला रानडुक्कर आला आणि जाळीच्या कडेला जरा लांबच उभा राहिला. कोंबडीने सवयीने पिल्लांवर पंख पसरला. मग त्याच्याकडे नीट पाहिले, आणि पंख आवरून घेतला.

तात्पर्य सांगायचे तर इतकेच : धोक्याची खबर शेवटपर्यंत ऐकावी आणि हवा शांत आहे तोवरच हातपाय हलवावेत, धोका आला नाही तर थोडे कष्ट वाया जातील, आला तर आपले घर वाचेल आणि कदाचित अर्धवट ऐकून गेलेल्या शेजाऱ्याचा जीवही.