कुठेतरी नावाचं गाव

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा वाटांवर पाट्या नव्हत्या, म्हणून माणसं विचारत विचारत चालायची आणि चालता चालता त्यांच्या ओळखी व्हायच्या. मुलांनो, तुम्ही तर ऐकाच. पण मुलांच्या मागे बसून आपण ऐकतच नाही असं दाखवणाऱ्या आई-बापांनो, तुम्हीही ऐका. ही गोष्ट जास्त तुमचीच आहे.

एका डोंगराच्या कुशीत एक रंगारी राहत होता. तो निळीचं काम करायचा. त्याच्या अंगणात मातीच्या मोठमोठ्या नांदा होत्या आणि त्यांत निळीचं पाणी असायचं. पांढरं कापड त्यात बुडायचं, बाहेर येताना हिरवट दिसायचं, आणि वारा लागला की बघता बघता निळं व्हायचं. त्याच्यासारखी नीळ पंचक्रोशीत कोणाला साधत नव्हती.

त्याला दोन मुलं होती. थोरली येसू. ती बापाच्या, म्हणजे आबांच्या, हाताखाली काम करायची आणि तिचे हात कोपरापर्यंत निळे असायचे. गावातल्या मुली हातांना मेंदी लावायच्या, तेव्हा ही आपले निळे हात पुढे करून म्हणायची, "माझे बघा, हे धुऊनसुद्धा जात नाहीत!" धाकटा सोनबा. तो काम करायचा नाही, तो प्रश्न विचारायचा. तेही एक कामच आहे, पण त्याची मजुरी कोणी देत नाही.

सणासुदीची गिऱ्हाइकी संपली की रंगारी काही दिवस काम बंद ठेवायचा. आदल्या दिवशी सगळ्या नांदा घराजवळच्या ओढ्यात रिकाम्या करायचा. ओढा निळाशार होऊन उतारानं पळत सुटायचा. सोनबा काठावर उभा राहून विचारायचा, "आबा, हे निळं पाणी कुठे जातं?"

"जातं कुठेतरी," रंगारी म्हणायचा, आणि रिकामी नांद पालथी घालायचा.

नांदा पालथ्या पडल्या, की घरात सुट्टीचा विषय निघायचा. मुलांनी चार गावं बघावीत, शहाणं व्हावं, असं रंगाऱ्याला मनापासून वाटे. आदल्या साली त्याने पोरांना राजधानीत नेलं होतं. आरसेमहाल दाखवला, हत्तीखाना दाखवला, राजाचं सोन्याचं सिंहासन दाखवायला सोनबाला खांद्यावर घेतलं. घरी आल्यावर शेजारच्या सोनाराने कौतुकाने विचारलं, "काय काय पाहिलंस रे?" सोनबा म्हणाला, "सिंहासनाखाली मांजर होती. तिला पिल्लं झाली होती." रंगाऱ्याने कपाळाला हात लावला.

या साली तो म्हणाला, "पुन्हा राजधानीलाच जाऊ. यंदा मी एक जाणता वाटाड्या बरोबर घेतो. तो सगळं नीट समजावून सांगेल, आणि ही दोघं नीट लक्ष देतील."

रंगारीण भाकरी थापत होती. ती म्हणाली, "अहो, एकदा त्यांनाही विचारा की कुठे जायचंय ते."

"त्यांना काय कळतंय?"

"म्हणून तर विचारायचं."

रंगाऱ्याने हसून सोनबाला जवळ ओढलं. "बोल रे, कुठे जायचं आपण?"

सोनबाचं उत्तर तयार होतं. "कुठेतरीला!"

"अरे, कुठेतरी म्हणजे कुठे?"

"तुम्हीच सांगता ना? आपलं निळं पाणी कुठेतरीला जातं. मला ते गाव बघायचंय."

येसू फिसकन हसली. मग तिचं हसू थांबलं. "आबा, पण खरंच, कुठे जात असेल हो ते?"

रंगारी उत्तर द्यायला गेला आणि त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला ते ठाऊक नाही. त्याचा बाप त्याच ओढ्यात नांदा ओतायचा, आजाही तिथेच ओतायचा. पाणी वळणाआड गेलं, की त्यांच्यालेखी ते संपायचं. "ओढ्याकाठी काय बघायचंय? दगड आणि बेडूक," असं तो पुटपुटला खरा, पण घरात तिघं एका बाजूला आणि तो एकटा दुसऱ्या बाजूला होता. अशा वेळी काय होतं ते सगळ्या बापांना माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी गाढवावर वळकट्या लादून चौघं ओढ्याच्या काठाने निघाली.

पहिला दिवसभर रंगाऱ्याच्या तोंडाला विश्रांती नव्हती. "हा बघा धबधबा. हा बघा खंड्या. अरे, तिकडे काय बघतोस, खंड्या इकडे आहे!" शेवटी रंगारीण म्हणाली, "अहो, त्यांचे डोळे त्यांच्याजवळ आहेत. जरा बघू द्या त्यांना." रंगारी रुसून गाढवाशेजारी चालू लागला.

मग मुलं बघू लागली. एके ठिकाणी दुसरा ओढा येऊन मिळाला, तेव्हा येसूने पाणी ओंजळीत घेऊन पाहिलं. "आबा, रंग फिका झाला!" एके ठिकाणी पाणी खडकांखाली गडप झालं आणि सोनबाने भोकाड पसरलं. आता कुठेतरी कसं सापडणार? पण खडक ओलांडून पलीकडे जातात तो पाणी पुन्हा वर आलेलं. मग सोनबाने त्याच पाण्याने डोळे पुसले, आणि नाकाचा शेंडा निळसर करून घेतला. रंगारीसुद्धा हसला. इतका मोकळा तो राजधानीत एकदाही हसला नव्हता.

डोंगर संपला आणि सपाटी लागली. तिथे ओढा मंदावला, पसरला. वरून आलेला सगळा रंग तिथल्या डोहात येऊन साचला होता. डोहाच्या वरच्या अंगाला एक लहानसं गाव होतं.

"आलं! कुठेतरी आलं!" सोनबा पळत सुटला.

काठावर गाई उभ्या होत्या. त्या पाण्याला नाक लावत आणि मान फिरवून मागे सरत. ओढ्याच्या कडेला, वाळूत, गावातल्या बायकांनी खड्डा खणला होता. असल्या खड्ड्याला झिरा म्हणतात. वाळूतून झिरपून त्यात पाणी जमतं, अगदी थोडं थोडं. एक म्हातारी झिऱ्याशी वाकून बसली होती आणि नारळाच्या करवंटीने घागर भरत होती. करवंटी भरायची, ओतायची, आणि पुन्हा पाणी जमेपर्यंत थांबायचं. तिच्या मागे रिकाम्या घागरींची रांग होती. तिच्याजवळ तिची नात खेळत होती, सोनबाएवढीच.

"आजी, इतका मोठा ओढा असताना तू खड्ड्यातून का पाणी काढतेस?" सोनबाने विचारलं.

नातच पुढे झाली. "ओढ्याचं नाही प्यायचं! वर डोंगरात निळा राक्षस राहतो. तो वर्षातून एकदा अंघोळ करतो. मग आमचं पाणी असं होतं. हो की नाही, आजी?"

"असं आपलं म्हणतात," म्हातारी म्हणाली. "खरं खोटं कोणाला माहीत? बघायला कोण वर जातंय? पण निळं पाणी आलं, की गाई तहानेनं हंबरतात, ते काही ऐकवत नाही बाबा. माझी सून बाळंतीण आहे. तिला न्हायला पुरेल एवढं पाणी जमायला अर्धा दिवस जातो."

सोनबाने मान जोरजोरात हलवली. "वर राक्षस नाहीये! मी तिथेच राहतो. तिथे फक्त आमचे आबा असतात."

त्याने हे अगदी धीर देण्यासाठी सांगितलं होतं.

म्हातारीची नजर हळूच रंगाऱ्याच्या निळ्या नखांवर गेली. रंगाऱ्याच्या मनात आलं, पोर काहीतरीच बरळतंय म्हणावं, गाढवाला हाकावं आणि राजधानीची वाट धरावी. एवढ्यात त्याला येसू दिसली. येसूने आपले दोन्ही हात पाठीमागे लपवले होते, आणि ती मान खाली घालून उभी होती.

आजवर ज्या लेकीने ते हात अख्ख्या गावाला मिरवून दाखवले, तिला आज आपल्या बापाच्या कामाची लाज वाटली होती. आता आपण खोटं बोललो, तर हे हात पुन्हा कधी पुढे येणार नाहीत, हे त्याला लख्ख कळलं. रंगारी काही वाईट माणूस नव्हता. त्याने जाणूनबुजून कोणाचं वाटोळं केलं नव्हतं. वळणाआड काय होतं, ते त्याने फक्त कधी जाऊन पाहिलं नव्हतं.

तो म्हातारीसमोर वाळूत बसला. "आजी, तो राक्षस मीच. मी रंगारी आहे. नांदा धुऊन मी ओढ्यात ओततो. पाणी इथे येतं, हे मला माहीत नव्हतं. पण माहीत करून घ्यायला हवं होतं."

नात चटकन आजीच्या पदराआड झाली. म्हातारीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "राक्षस म्हणावं, तर अंगानं फारच किडकिडीत आहेस की रे," ती म्हणाली. आणि मग तिने हातातली भरलेली करवंटी त्याच्यापुढे धरली. "उन्हातून आलायस. पी आधी."

रंगारी ओंजळीने ते पाणी प्याला. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

रंगारिणीने पदर खोचला. ती झिऱ्याशी जाऊन बसली आणि तिने म्हातारीच्या हातातून करवंटी घेतली. "आजी, तुम्ही टेका जरा." तिच्या शेजारी सोनबा बसला, आणि राक्षस आपल्याला खात नाही अशी खात्री झाल्यावर नातही बसली. राजधानी त्या साली राहूनच गेली. ओढा पुन्हा स्वच्छ होईपर्यंत ते कुटुंब त्या गावातच राहिलं. सकाळी चौघंही घागरी भरायची. रंगाऱ्याने गावकऱ्यांबरोबर आणखी दोन झिरे खणले. गावात काहीजण त्याच्याशी बोलले नाहीत, आणि त्यानेही ते मनावर घेतलं नाही.

एका सकाळी येसू झिऱ्याशी बसून होती. तिने ओढ्याकडे पाहिलं, मग खड्ड्याकडे पाहिलं, मग पुन्हा ओढ्याकडे. "आबा! इकडे या! ओढा निळा आहे, आणि हातभर अंतरावरचा हा खड्डा नितळ आहे. म्हणजे नीळ कुठे राहिली?"

रंगारी "असेल कुठेतरी" म्हणणार होता. त्याने जीभ चावली आणि तो तिच्याशेजारी पालथा पडून बघू लागला. दोघांनी मिळून ओढ्याकडची वाळू उकरली. वरच्या थरातला कण न् कण निळा झाला होता. खालचे पांढरे होते.

"वाळूने धरून ठेवली!" येसू ओरडली. आणि हे दाखवताना तिने दोन्ही मुठी भरून वाळू वर केली, तेव्हा आपले हात सगळ्यांना दिसताहेत, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. रंगाऱ्याच्या मात्र आलं. त्याने तोंड फिरवून डोळे पुसले.

घरी परतल्यावर बापलेकीने ओढ्यापासून दूर मोठा खड्डा खणला आणि वाळूने भरला. पुढच्या साली सगळ्या नांदा त्यात ओतल्या. काम कंबरडं मोडणारं होतं. निळी झालेली वाळू काढायची, नवी आणून घालायची. दुसऱ्या गावांचे रंगारी हसले. "ओढा फुकट वाहतोय आणि हा वाळू वाहतोय!" रंगारी त्यांना एवढंच म्हणायचा, "सुट्टीत पोरांना घेऊन आपापल्या ओढ्याकाठानं खाली जाऊन या, मग बोलू." त्यांतल्या एकाची पोरं हट्टाला पेटली, म्हणून तो गेला. परत आल्यावर त्याने आधी फावडं मागून नेलं.

त्या साली सुट्टीत कुठे जायचं, असं कोणी कोणाला विचारलं नाही. नांदा रिकाम्या झाल्या आणि चौघं खाली निघाली. वाटभर रंगारी वाकून वाकून ओढ्याचं पाणी पाहत होता. थोडा रंग निसटला असला तर?

डोहात गाई पोटापर्यंत उतरून पाणी पीत होत्या. म्हातारी काठावर उभी होती. तिच्या कडेवर सुनेचं आता वर्षाचं झालेलं बाळ होतं, आणि ती ओंजळीने ओढ्याचंच पाणी त्याच्या तोंडावरून फिरवत होती. बाळ खिदळत होतं. रंगारी जागच्या जागी थांबला.

म्हातारीची नात धावत आली आणि सोनबाला म्हणाली, "यंदा राक्षस आलाच नाही!"

"आलाय की!" सोनबा म्हणाला. "हा काय, माझं बोट धरून उभा आहे."

आणि बाळगोपाळांनो, रंगाऱ्याने खरोखरच ते चिमुकलं बोट घट्ट धरलं होतं.

बोध एवढाच: सुट्टीत मुलांना घेऊन निघायचं असेल, तर त्यांनी विचारलेल्या प्रश्नाच्या वाटेनं निघा, त्या वाटेवर मुलं शिकतात आणि आई-बापांचं राहून गेलेलं शिकणंही पुरं होतं.