तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजे होते, पण नकाशे नव्हते. जमिनीच्या पोटात काय आहे, ते माणसाच्या शब्दावरूनच कळायचं.

एका गावाजवळ दगडी कोळशाची खाण होती. कोळसा संपला, खाण बंद पडली. मागे उरले निकामी मातीचे ढिगारे आणि त्यांतून वाहणारा ओढा. त्याचं पाणी इतकं नासलं की खालच्या शेतांत कुसळही उगवेना. शेवटी राजाने पाट खणण्यात तरबेज असा एक पाटकरी पाठवला. ओढा खाणीला वळसा घालून नव्या पाटाने न्यायचा, ढिगारे सपाट करून त्यांवर चांगली माती पसरायची, गवत पेरायचं, असा त्याचा बेत होता.

"पाट भुयारावरून गेला तर जमीन खचेल," पाटकरी म्हणाला. "भुयारं दाखवणारा माणूस हवा."

गावाने म्हाताऱ्या मुकादमाकडे बोट दाखवलं. तीस वर्षं त्यानेच भुयारं खणवली होती. त्याने छाती पुढे काढून प्रत्येक भुयारावर चुन्याची रेघ मारून दिली. एक सोडून.

ते एक चोरून खणलेलं होतं. चिंचेच्या झाडाच्या पुढे खणायचं नाही, असा राजाचा हुकूम होता. पण शेवटच्या वर्षी कोळसा कमी पडला, आणि 'माझ्या हाताखाली खाण कधी कमी पडली नाही' ही मुकादमाची मिजास. त्याने गुपचूप चिंचेखालून चाळीस हात पुढे खणलं. सोबतचे दोघे केव्हाच देवाघरी गेले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून म्हातारा गप्प राहिला. चिंचेखाली रेघ नाही, म्हणून पाटकऱ्याने पाट नेमका तिथूनच नेला.

त्या मुलखात एक रीत होती. पाणी सोडण्याआधी जमिनीची हमी देणाऱ्याला तीनदा विचारायचं, आणि त्याच्याच घरच्या सुनेने कोरड्या पाटात उभं राहून येणाऱ्या पाण्याची ओटी भरायची.

तो दिवस उजाडला. ओढा अडवणाऱ्या बांधावर माणसं तो फोडायला फावडी घेऊन उभी राहिली.

"जमीन घट्ट आहे?" पाटकऱ्याने विचारलं.

"घट्ट आहे," मुकादम म्हणाला.

सून खण-नारळ घेऊन पाटात उतरली आणि चालत चालत थेट चिंचेखाली जाऊन थांबली. "मामंजी, इथेच थांबते. सावली आहे."

म्हातारा दोन पावलं पुढे आला. "जरा लांब थांब, सूनबाई."

"का? तुम्हीच तर म्हणालात ना, घट्ट आहे?"

सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. पाटकऱ्याने दुसऱ्यांदा विचारलं. मुकादम म्हणाला, "घट्ट आहे." आपला आवाज आपल्यालाच परका वाटला त्याला.

बांधावरची फावडी वर गेली. सुनेने पदर डोक्यावर घेतला. पाटकऱ्याने तिसऱ्यांदा विचारलं.

तीस वर्षांची पगडी एकीकडे आणि चिंचेखालची पोर दुसरीकडे. मुकादमाने पगडी काढून हातात घेतली.

"थांबवा. तिच्या पायाखाली पोकळ आहे. मीच खणलंय."

सुनेला बाहेर काढलं. पाटकऱ्याने लांबून पन्हळीने घागरींमागून घागरी पाणी त्या जागेवर सोडायला लावलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग जमीन धपकन बसली, आणि बैलगाडी मावेल एवढा खड्डा पडला.

गावाने मुकादमाची पगडी ठेवून घेतली. चिंचेला वळसा घालून नवा पाट खणायला आणखी एक उन्हाळा गेला. मातीची पहिली पाटी म्हाताऱ्याने उचलली. सून महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. एका दुपारी मात्र ती भाकरी घेऊन पाटावर आली.

"खाऊन घ्या, मामंजी," ती म्हणाली. "तिसऱ्यांदाही घट्ट म्हणाला असतात, तर ही आणायला मी नसते."

म्हातारा रडला आणि रडत रडतच जेवला.

पुढे ओढा निवळला, ढिगाऱ्यांवर गुडघाभर गवत आलं. चिंचेपाशी ओढा उगाचच वळतो, असं नवख्यांना वाटे. कोणी कारण विचारलं, की तिथे गुरं राखणारा बोडक्या डोक्याचा एक म्हातारा उठायचा आणि सगळी हकीकत स्वतःच सांगायचा.

तात्पर्य: चूक कबूल केली तर मान खाली जाते, लपवली तर पायाखालची जमीन जाते.