धक्क्यावरची रेघ

"…आणि नाही उठलात तर? संध्याकाळी सभेत मी काय सांगू, बाबा?"

बुऱ्हाणबाबा समुद्राकडे बघत होते.

"सांग, म्हातारा बसलाय."

"कशासाठी बसलाय, असं विचारतील."

"मग त्यांनाही इथं पाठव. बसायला जागा खूप आहे."

रसिका हसली नाही. हसण्याचा दिवस नव्हता.

मुरवणचा जुना दगडी धक्का समुद्रात जिथं संपतो, तिथं होड्या बांधायचा एक दगडी खुंटा आहे. त्या खुंट्याला पाठ टेकून हा फकीर दोन वर्षं बसत होता. पीराच्या दर्ग्यात दिवा लावायला उठायचा, भाकरीपुरता उठायचा, की पुन्हा इथं. धक्का दोन्ही बाजूंनी ढासळला होता. पायऱ्या गेल्या होत्या. उत्तरेकडचे दगड निखळून पाण्यात पडले होते आणि भरतीच्या लाटा त्यांच्यावर आपटून फुटत होत्या.

रसिका कुबल याच बंदरावर वाढली. बंदरं कशी बांधायची ते शिकायला हॉलंडला गेली, तेव्हा बाबांच्या पाया पडून गेली होती. बाबा म्हणाले होते, "शिकून ये. मग मला विचार."

आता ती आली होती. पण विचारायला नाही, सांगायला.

"पाच वाजता बंदर खात्याचे साहेब येतील," ती म्हणाली. "एकच प्रश्न विचारतील. गाव राजी आहे का? हो म्हटलं तर नव्या बंदराचं काम आपल्याकडे. नाही म्हटलं तर शेजारच्या बंदराकडे, आणि मग आपल्या आयुष्यात ते इथं परत येत नाहीत. वरवाडा राजी आहे. खालवाडा राजी आहे. दोघं आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीवर राजी आहेत, बाबा! आणि दोघांचं एकच म्हणणं. बाबा तिथून उठले, तरच."

"दोघं कशावर राजी आहेत?"

"वेगळं होण्यावर."

"अच्छा…"

तिनं नकाशा उलगडून दगडांवर पसरला. कोपऱ्यांवर धोंडे ठेवले. तिचा आवाज चढत गेला. या कागदासाठी तिनं तिकडची नोकरी सोडली होती, आणि ते तिच्या बोलण्यात ऐकू येत होतं.

"हा जुना धक्का पाडायचा. याच रेषेत मधोमध भिंत, थेट आत पाण्यात. भिंतीच्या उत्तरेला वरवाड्याचा धक्का, त्यांच्या मोठ्या जाळ्यांच्या लाँचसाठी. दक्षिणेला आपला खालवाड्याचा, होड्यांसाठी. लिलावाच्या शेड दोन. बर्फ दोन ठिकाणी. रस्ते दोन. पर्यटकांच्या बोटींना पलीकडे तरंगता धक्का, त्यांचा कुणाला त्रास नको. कुणी कुणाच्या तोंडासमोर यायलाच नको."

"समुद्र?"

"काय?"

"तो एकच ठेवलास?"

"थट्टा करू नका, बाबा."

"बरं."

लाट आली. धक्का खालून हादरला. दोघांनाही ते जाणवलं.

"लोक तुम्हाला अवलिया मानतात," रसिका म्हणाली. "मला आज तुम्ही नुसते हट्टी म्हातारे दिसता."

"दोन्ही खरं असेल."

"माझ्या भावाचा हात इथं गेला!"

बाबा पहिल्यांदा तिच्याकडे वळले.

"इथं, बाबा. तुम्ही बसलाय तिथून हाताच्या अंतरावर. दिगू असंच उधाण असताना आत आला. त्यानं दोर फेकला. मला लहानपणापासून काय शिकवलंत तुम्ही सगळ्यांनी? दोर आला की हातातलं टाकायचं आणि धरायचा. होडी कुणाची ते नंतर बघायचं. हीच ना या बंदराची रीत? धक्क्यावर वरवाड्याची माणसं उभी होती. आदल्या दिवशी जाळ्यांवरून भांडण झालं होतं. एकानंही हात पुढे केला नाही. जगन खवणेकर सगळ्यांत पुढे होता, हाताची घडी घालून. दोर पाण्यात गेला. होडी फिरली, आणि दिगूचा हात दगडाला…"

ती थांबली.

"तुम्ही कुठं होतात?" तिनं विचारलं. "तुम्ही असता तर त्यांची हिंमत झाली असती?"

"उरुसाला गेलो होतो. आलो, तो इथं बसलो."

वारा नकाशाची कड उचलत होता. बाबांनी कागदावर तळवा ठेवला. तळव्यावर दोराचे जुने-नवे वळ होते. रसिकाचं तिकडे लक्ष नव्हतं.

"म्हणूनच भिंत हवी," ती म्हणाली. "ती रीत मेली. मेलेल्या रीतीवर मी बंदर बांधू शकत नाही. उठा, बाबा. पाया पडते."

"कागद मला वाचता येत नाही," बाबा म्हणाले. "दगडावर दाखव. भिंत कुठून जाणार?"

"तुमच्या मांडीखालून."

"मग ओढ रेघ. रेघ माझ्यापर्यंत आली की उठतो."

"खरंच?"

"खोटं कधी बोललो तुझ्याशी?"

तिनं पिशवीतून खुणा करायचा लाल खडू काढला. तुटलेल्या पायरीपाशी गेली, वाकली आणि रेघ ओढू लागली. दगड खडबडीत होते, ओले होते. खडू अडखळत होता. ती जोर देऊन ओढत राहिली. उजवीकडे वरवाडा, डावीकडे खालवाडा. केस तोंडावर येत होते, ते ती मनगटानं मागे सारत होती.

रेघ बाबांच्या गुडघ्यापाशी आली.

बाबा उठले. काठी घेतली. हिरवी चादर खांद्यावर टाकली. रेघेला पाय न लावता तिच्या कडेकडेनं किनाऱ्याकडे चालू लागले.

रसिका बघतच राहिली. एवढं सोपं? दोन्ही वाड्यांच्या पंचांना जे जमलं नाही, ते खडूच्या एका तुकड्यानं झालं होतं. तिला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं.

खुंट्यापर्यंतची दोन हात जागा उरली होती. ती पुन्हा वाकली.

तेव्हा पाण्यावरून हाक आली.

"बाबा! ओ बाबा!"

तिनं मान वर केली.

एक लाँच उधाणावर आडवी येत होती. इंजिनाचा आवाज नव्हता. पंख्यात जाळं अडकलेलं मागून लोंबताना दिसत होतं. तीन खलाशी बांबू घेऊन कडेला उभे होते, पण त्या लाटांपुढे बांबूंचं काय चालणार? प्रत्येक लाटेनं लाँच थोडी आत, थोडी उत्तरेकडे सरकत होती. तिकडे, जिथं दगड पडले होते आणि पांढरा फेस उसळत होता.

पुढच्या टोकावर दोराचं वेटोळं खांद्यावर घेऊन जो उभा होता, त्याला तिनं लांबूनच ओळखलं.

जगन खवणेकर.

त्यानंही तिला ओळखलं. दोर फेकायला मागे नेलेला हात तिथंच राहिला.

"बाबा खंय गेले?" तो ओरडला.

रसिकानं मागे वळून पाहिलं. बाबा धक्क्याच्या पार दुसऱ्या टोकाला पोचले होते. काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. पळत येत नव्हते. आले असते तरी वेळेवर पोचले नसते.

धक्क्यावर दुसरं कुणी नव्हतं.

"तांडेल, टाका दोर!" मागचा खलाशी किंचाळला. "कुणाची वाट बघता?"

जगननं तिच्याकडे पाहिलं. ती रेघेच्या अलीकडे उभी होती, हातात खडू घेऊन. त्यानं दोर फेकला.

दोर रेघेच्या पलीकडे, वरवाड्याच्या बाजूला पडला.

पडला, आणि ओल्या दगडांवरून पाण्याकडे घसरू लागला.

रसिकानं दोराकडे पाहिलं.

एक लाट खालून गेली. लाँच वर उचलली गेली, खाली आली. खाली फेसात दगडाचं काळं टोक दिसलं आणि पुन्हा बुडालं. जगननं दुसरी हाक मारली नाही. त्यानं डोळे मिटले होते.

दोराचं टोक काठावर आलं…

मग खडू तिच्या हातात नव्हता. ती रेघेपलीकडे गुडघ्यांवर पडली होती आणि दोर तिच्या दोन्ही मुठींत होता. तो जळत पुढे गेला, तिला फरफटत नेऊ लागला. ती उठली, मागे सरली, अंग झोकून खुंट्याकडे धावली. एक वेढा. दुसरा वेढा. दोर खुंट्यावर करकरला. सगळी लाँच जणू तिच्या खांद्यांना लटकली होती.

"धर गो, धर!" खलाशी ओरडत होते. "सोडू नको!"

"धरलाय ना!" ती रडवेल्या आवाजात ओरडली. "ओढा तुम्ही! मेलात काय सगळे?"

लाँच थबकली. हळूहळू तिचं नाक वळलं. खलाशी दोर ओढू लागले. कडेला टांगलेल्या टायरांवर एक दणका बसला, धक्का पुन्हा हादरला, आणि जगन उडी मारून वर आला. तो तिच्या मागे गेला आणि दोराचं शेपूट धरलं. दोघं मिळून मागे झुकले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. त्यानं गाठ मारली. तिनं ती ओढून घट्ट केली.

मग दोघंही खाली बसले.

खलाशांपैकी एक हसू लागला, भीती उतरल्यावर माणूस हसतो तसा. "इंजिनिअरीणबाई, तिकडे हे पण शिकवतात काय?"

रसिकाचे तळवे सोलले होते. ती ते उताणे मांडीवर ठेवून बसली होती. जगन त्या तळव्यांकडे बघत होता.

"दिगूचो हात…" तो शेवटी म्हणाला. "आता कसो आसा?"

"बोटं मिटत नाहीत. दोर धरता येत नाही त्याला."

जगननं डोक्याचा फडका सोडला, पिळला, तिच्यापुढे धरला. तिनं घेतला नाही. त्यानं हात मागे नेला नाही. थोड्या वेळानं तिनं तो घेतला आणि उजव्या तळव्याभोवती गुंडाळला.

किनाऱ्याकडून काठीचा आवाज जवळ आला.

बाबा सावकाश चालत होते. वाटेत वाकले. नकाशा वाऱ्यानं उडून पायरीच्या खाचेत अडकला होता, तो उचलला, झटकला, नीट गुंडाळला. आणखी थोडं पुढे येऊन पुन्हा वाकले.

गावातून देवळाची घंटा ऐकू आली. सभेची माणसं जमत होती.

"बाबा," रसिका म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "साहेब आले असतील. मी त्यांना… काय सांगू?"

या वेळी ती विचारत होती.

बाबांनी नकाशाची गुंडाळी तिच्या काखेत दिली. मग मूठ उघडली. आत लाल खडूचा तुकडा होता, अर्धा चिरडलेला. तो त्यांनी तिच्या सोललेल्या तळव्यावर ठेवला.

जगन उठून बाजूला झाला. तो रेघेच्या अलीकडे, खालवाड्याच्या बाजूला उभा होता, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"रेघ अर्धी राहिली, बाय," बाबा म्हणाले. "पूर्ण कर."