गाढविणीचा साज

नदी जिथे वळण घेऊन माळाकडे पाठ फिरवते, तिथल्या जंगलात एक गाढवीण राहत असे. स्वभावाने कष्टाळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण आता तिचे वय झाले होते आणि दाढा झिजल्या होत्या. कोवळे गवत संपले की माळावर उरे ते कुसळी गवत. ते चावता चावता दिवस मावळायचा, पोट मात्र रिकामेच. मागच्या उन्हाळ्यात तर ती इतकी वाळली होती, की तिची सावलीसुद्धा जमिनीवर पडायला कंटाळत असे. असा आणखी एक उन्हाळा आपल्याच्याने निघायचा नाही, हे तिला कळून चुकले होते.

त्या माळावर दर मार्गशीर्षात घोड्यांच्या शर्यती भरत. आठवडाभर जत्रा चाले. आता मुलांनो, शर्यत म्हटली की मजा असते खरी, पण तिथले घोडे असे, की जांभई द्यायला तोंड उघडावे आणि ते मिटेपर्यंत शर्यत आटोपलेली असावी. मग उरलेला दिवस करायचे काय? म्हणून जंगलातल्या म्हाताऱ्या हत्तीने पाहुण्यांसाठी वेशभूषेची स्पर्धा सुरू केली. झाले! चार वर्षांत अशी गत झाली, की घोड्यांकडे कुणी ढुंकून पाहीना. एका वर्षी अस्वल मधाच्या पोळ्याची टोपी घालून आले. टोपीबरोबर टोपीतल्या माश्याही आल्या. सांबराने शिंगांवर होल्याचे घरटे मिरवले, आणि होला बिचारा अंड्यांवरून उठायला तयार नसल्याने तोही मिरवला गेला.

यंदा कावळ्याने झाडाझाडावर बसून दवंडी पिटली, "ऐका हो ऐका! शर्यतीला साजेसा वेश करून यावे! ज्याचा वेश पसंत पडेल, त्याला ओढ्याकाठचं राखीव कुरण वर्षभर! परीक्षक लांडोरबाई!"

ओढ्याकाठचे कुरण! तिथे भर वैशाखातही गवत असे मऊ, की दाढांचे काम जिभेने भागावे. गाढविणीने कान टवकारले. 'साजेसा' या शब्दाशी मात्र ती अडली. साज तिला ठाऊक होता. घोड्याच्या अंगावर असतो तो साज : खोगीर, लगाम, कलगी. आयुष्यभर मातीची ओझी वाहिली, पण साज कधी पाठीला लागला नव्हता. खात्री करून घ्यावी म्हणून तिने वाटेत भेटलेल्या कोल्ह्याला विचारले, "कोल्हेदादा, साजेसा म्हणजे घोड्याच्या साजासारखाच ना हो?"

कोल्हाही स्पर्धेत उतरणार होता. त्याला कुरणातले गवत नको होते, गवतात येणारे ससे हवे होते. त्याने मिशा चाटल्या आणि अगदी गंभीरपणे सांगितले, "बरोबर ओळखलंत, आक्का! साज असा, तो साजेसा. शब्दातच सांगून ठेवलंय की!"

"मला वाटलंच. माझं मेलीचं शिकणं कमी, म्हणून आपलं विचारलं."

गाढवीण कामाला लागली. कुंभाराच्या पडक्या भट्टीशेजारून तिने गोणपाट आणले, त्यात पेंढा ठासून खोगीर शिवले. घायपात भिजवून, झोडपून वाख काढला आणि त्याचा लगाम वळला. फुटक्या घागरींचे गळे तेवढे शाबूत होते, त्यांच्या स्वाराने पाय अडकवायच्या रिकिबी केल्या. डोक्यावर कलगी म्हणून नदीपलीकडच्या मळ्यातला उसाचा तुरा खोवला. खोगीर चालताना पोटाखाली सरके, म्हणून तिने ते तीनदा उसवले आणि तीनदा शिवले. चौथ्या खेपेला ते असे बसले, की जणू तिच्याबरोबरच जन्मले असावे.

स्पर्धेचा दिवस उजाडला. शर्यतीच्या वाटेला दोन्ही बाजूंनी दोर बांधले होते, आणि पाहुणे मात्र दूर चिंचेच्या सावलीत एकमेकांच्या भोवती फिरून एकमेकांना पाहत होते. कोल्ह्याने मानेपासून शेपटीपर्यंत मोरपिसे लावली होती. त्याला वाटले, परीक्षक लांडोर, तेव्हा आपल्या घरचा पिसारा पाहून ती पाघळणारच. जन्मभर तोच पिसारा पाहून पाहून लांडोरीचे डोळे विटले असतील, हे काही त्याच्या ध्यानात आले नाही.

गाढवीण यायला निघाली ती नेमकी घोड्यांच्या तळावरून. शर्यत सोडण्याचे काम एका वानराकडे होते. घोडे चावतात म्हणून तो त्यांच्या तोंडाकडे कधी बघत नसे, फक्त पाठ बघे. पाठीवर खोगीर दिसले, की ओढून दोरीमागे उभे करायचे, ही त्याची रीत. त्याने गाढविणीचा लगाम धरला.

"अहो दादा, मी धावायला नाही, नटायला आलेय!"

"ऐन वेळी सगळे असंच म्हणतात," वानर म्हणाला. "काल एकाच्या पोटात दुखत होतं. चला, रांगेत!"

सहा उमद्या घोड्यांशेजारी सातवी गाढवीण उभी राहिली. चिंचेखाली एकच हशा पिकला. कधी नव्हे ते सारे पाहुणे धावत येऊन दोराला खेटून उभे राहिले. कोल्हा सगळ्यांत पुढे.

"आक्का, स्वार कुठं सांडला?" तो ओरडला.

"अहो, स्वारच तिला पाठीवर घेऊन पळणार आहे!" कावळा म्हणाला.

गाढविणीने दोराकडे नजर टाकली. फुले, पिसे, टोप्या, झिरमिळ्या. पण एकाच्याही अंगावर साज नव्हता. आपला शब्द चुकला. कुरण गेले. खोगीर काढून टाकावे म्हटले, तर वाखाच्या गाठी सुटेनात. तेवढ्यात वानराने इशाऱ्याची फांदी खाली केली आणि घोडे उधळले. इथे उभे राहून हसे करून घेण्यापेक्षा लांब गेलेले बरे, म्हणून तीही धावत सुटली.

घोडे दोराजवळून गेले मात्र, आणि माळावर वावटळ उठली. इतकी वर्षे सारे लांब सावलीत असत, त्यामुळे घोड्यांचा वारा कसा असतो आणि त्यांच्यामागून किती धूळ येते, हे कुणालाच ठाऊक नव्हते. फुले गेली, झिरमिळ्या गेल्या. अस्वलाने यंदाही घातलेली पोळ्याची टोपी म्हणे तीन डोंगर ओलांडून एका मठात जाऊन पडली, आणि तिथल्या साधूंनी प्रसाद समजून ती खाल्ली. जो तो डोळे चोळत स्वतःचा वेश हुडकत होता.

धूळ बसल्यावर सगळ्यांत शेवटी गाढवीण दुडक्या चालीने रेघ ओलांडून आली. अंगावर मातकट गोणपाट, तेही मातीतूनच उचललेले. धुळीने त्याचे बिघडणार ते काय? खोगीर जागच्या जागी होते. उसाचा तुरा थोडा झुकला होता, एवढेच.

लांडोरीने पंख झटकले आणि विचारले, "बोला, शर्यत जिंकली कुणी?"

कुणी पाहिली असेल तर सांगणार ना!

"चारी पाय पांढरे आहेत, त्या घोड्यानं," गाढवीण हळूच म्हणाली. "तांबडा पुढं होता, पण वळणावर त्याचा पाय घसरला. मी मागंच होते ना, मला सगळं दिसलं. पण बाई, माझी चूक झाली. साजेसा म्हणजे साज, असं मी धरून चालले. हा उतरवते आता."

"उतरवू नका," लांडोर म्हणाली. "शर्यतीला साजेसा वेश म्हणजे शर्यतीत शोभेल, शर्यतीत टिकेल असा. तुमचा उडाला नाही, फाटला नाही, आणि त्यानं तुम्हाला शर्यतही पाहू दिली. बाकीच्यांना शर्यत झाली हेसुद्धा धुळीवरून कळलं. कुरण तुमचं."

"हा अन्याय आहे!" कोल्हा उसळून पुढे आला. "हिला शब्दाचा अर्थसुद्धा ठाऊक नाही! साज असा तो साजेसा, हे मीच सांगितलं होतं हिला, थट्टेनं!"

"म्हणजे खरा अर्थ तुला ठाऊक होता?" लांडोरीने विचारले.

"होताच मुळी! साजेसा म्हणजे शोभेल असा!"

"मग हे काय घालून आलास?"

कोल्ह्याने स्वतःकडे पाहिले. उरली होती तीन पिसे. एक मोडलेले, एक शेपटीला उलटे, आणि एक कानात अडकलेले. पुन्हा हशा पिकला, पण या खेपेला गाढवीणही त्यात होती.

चार दिवसांनी कोल्हा कुरणाच्या कुंपणाशी घुटमळताना दिसला. आत गवतात ससे बागडत होते आणि गाढवीण सावकाश चरत होती.

"आक्का, येऊ का आत?"

"या की. पण कुरणाला साजेसे होऊन या."

"म्हणजे कसा?"

"म्हणजे," तोंडातला घास गिळून गाढवीण म्हणाली, "गवत खाणारे."

तात्पर्य : दुसऱ्याला मुद्दाम चुकीचा अर्थ सांगणाऱ्याने आधी खऱ्या अर्थाप्रमाणे स्वतः वागून घ्यावे, नाहीतर दुसऱ्याची चूक दाखवायला जातो आणि आपलीच लबाडी दाखवून बसतो.